लॅपटॉप पुसून यूएसबीवरून नव्याने विंडोज टाकायची असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या डिचोलीतल्या वाड्यावरचे सात लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन गेले. कुणाच्या मुलीचा कॉलेजचा, कुणाचा दुकानातला टॅलीचा, एक भजनी मंडळाच्या खजिनदारांचा. सगळ्यांचं म्हणणं एकच, "पुसून टाक आणि नवीन घालून दे." घालून देणं हे तासाभराचं काम आहे. माणूस अडतो ते त्याच्या आधी आणि नंतर. मी हे पहिल्यांदा केलं ते आबांच्या लॅपटॉपवर, आणि त्यांनी जत्रेच्या नाटकांसाठी टाइप करून ठेवलेल्या संहिता पुढचे अकरा दिवस वाचता येईनात. ते कसं झालं ते चौथ्या पायरीत सांगतो, कारण मराठीत टाइप करणाऱ्या कुणाच्याही हातून ते होऊ शकतं.

पायऱ्या क्रमाने वाचा. एकदा शेवटपर्यंत वाचून मगच लॅपटॉपला हात लावा, आणि वाचताना हा लेख फोनवर उघडा ठेवा, कारण मधला बराच वेळ लॅपटॉप तुमच्या कामाचा नसेल.

१. आधी डिस्कची तब्येत बघा

लॅपटॉप हळू चालतो म्हणून पुसायला निघालेल्यांपैकी निम्म्यांचं दुखणं विंडोजमध्ये नसतं, डिस्कमध्ये असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळ्या चौकोनात ‘गुड’ दिसलं तर पुढे चला. पिवळ्यात ‘कॉशन’ दिसलं तर डिस्क जायच्या मार्गावर आहे. त्यावर नवी विंडोज टाकून काही होणार नाही. आधी डेटा बाहेर काढा.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर माझा स्पष्ट सल्ला असा की ती पुसूच नका. त्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा आणि नवी विंडोज एसएसडीवर टाका. जुनी डिस्क काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घाला. लॅपटॉपचा वेग कितीतरी पटीने वाढतो आणि जुना सगळा डेटा जिथल्या तिथे शाबूत राहतो. काही विसरलं असेल तर केसिंग जोडून घेता येतं. पुसण्याची भीतीच उरत नाही.

२. तुमचा लॅपटॉप विंडोज ११ घेतो का?

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालेल असं यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉप चालू होताना पहिल्यांदा चालणारं सॉफ्टवेअर, आणि टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) लागतं. प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच हवा. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं. टीपीएम नाही असं आलं तर लगेच हिरमुसू नका. बऱ्याच लॅपटॉपांत ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडेल.

उत्तर खरोखरच ‘नाही’ असेल तर दोन वाटा उरतात. रुफस हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्ह बनवताना या अटी गाळून देतं, आणि विंडोज ११ बसते. पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवर बँक आणि जीएसटीचं काम चालतं त्यावर मी हे करत नाही. दुसरी वाट लिनक्स मिंटची, विंडोजऐवजी चालणाऱ्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमची. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, ती ४ जीबी रॅमवर नीट चालते आणि फुकट आहे. ब्राउझर, मेल, मराठी टायपिंग, पीडीएफ एवढंच ज्यांचं काम, त्यांना मी तीच घालून देतो. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी मात्र विंडोजवरच राहावं.

३. काय काय जवळ हवं

- १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. मायक्रोसॉफ्ट किमान ८ जीबी सांगतं. यावरचं सगळं पुसलं जाईल. जत्रेच्या फेरीत स्वस्तात मिळणारा भल्यामोठ्या जीबीचा नको. त्यावर छापलेली जागा आत नसतेच, आणि फाइल अर्धवट लिहिली जाते.
- बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क. पेन ड्राइव्ह आणि बॅकअप एकाच वस्तूवर कधीही नको.
- लॅपटॉपचा चार्जर आणि निम्म्याहून जास्त भरलेली बॅटरी.
- अँड्रॉइड फोन आणि त्याची चार्जिंगची केबल. ही कशाला, ते आठव्या पायरीत कळेल.
- तुमच्या मायक्रोसॉफ्ट आणि गूगल खात्यांचे पासवर्ड, वहीत हाताने लिहिलेले.
- लॅपटॉपच्या तळाशी असलेला मॉडेल आणि सीरियल नंबर, फोनने फोटो काढून.
- चांगलं नेट. विंडोजची फाइल ५ जीबीच्या वर जाते, मिंटची ३ जीबीच्या आसपास. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांत रेंज येते-जाते. तिथल्या माणसांना मी सांगतो की वाळपई किंवा साखळीला ओळखीच्या घरी बसून पेन ड्राइव्ह बनवून घ्या. पुढचं काम घरी करता येतं.

विजेबद्दल एक. पावसात माडाचं चुडत तारेवर पडलं की तासन्‌तास वीज नसते, हे आपल्याला नवीन नाही. विंडोज टाकताना मध्येच लॅपटॉप बंद पडला तर घाबरू नका. पेन ड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, यंत्राचं काही बिघडत नाही. बायोस अपडेट करताना मात्र वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तर मदरबोर्डच हातातून जाऊ शकतो. ज्यांच्या लॅपटॉपची बॅटरी चार्ज धरत नाही त्यांनी बायोसच्या अपडेटला इन्व्हर्टरशिवाय हात लावू नये.

४. बॅकअप: या पायरीला दोन संध्याकाळी द्या

घाई बाकी कुठेही करा, इथे नको.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर तर घ्याच, पण घेताना आयकॉनच्या कोपऱ्याकडे बघा. छोटा बाण असेल तर ती फाइल नाही, शॉर्टकट आहे. मंडळाच्या खजिनदारांनी आपला ‘बॅकअप’ मला मोठ्या विश्वासाने दिला होता. उघडला तर सगळं मिळून जेमतेम काही केबी. तीन वर्षांचे हिशेब समजून त्यांनी अकरा शॉर्टकट कॉपी केले होते. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये मूळचा आणि कॉपीचा आकार ताडून बघा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

आयकॉनजवळ ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत आहे, तुमच्या डिस्कवर नाही. तिच्यावर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मग कॉपी करा.

आता फॉन्ट. आबांचा लॅपटॉप मी पुसला तेव्हा त्यांच्या सगळ्या वर्ड फाइल मी नीट कॉपी केल्या होत्या. नवी विंडोज टाकली, फाइल परत ठेवल्या, त्यांनी पहिली संहिता उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, स्वल्पविराम यांची खिचडी. आबा काही बोलले नाहीत, नुसते पडद्याकडे बघत राहिले. सतरा नाटकांचं टंकलेखन होतं ते, दर जत्रेला पात्रांना प्रती वाटायचे त्याच्या.

कारण साधं आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी यायच्या आधी मराठी टाइप करायला श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा गोष्टी वापरात होत्या. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याचं चित्र ‘क’ किंवा ‘म’ चं काढलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाइल बिघडलेली नसते, पण फॉन्ट मिळेपर्यंत ती वाचता येत नाही. आम्हाला तो अकराव्या दिवशी मिळाला, नाटकाची हँडबिलं छापणाऱ्या प्रेसमध्ये. त्यांच्या जुन्या संगणकात तोच फॉन्ट होता.

म्हणून पुसण्याआधी हे करा:

- सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आतला ‘फॉन्ट्स’ फोल्डर पूर्ण कॉपी करा. काही फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरते बसवलेले असतात. ते त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ या वाटेवर सापडतात. ॲपडेटा लपलेला असतो, ‘हिडन आयटम्स’ चालू केल्यावर दिसतो.
- मराठी पॅकेज विकत घेतलेलं असेल तर त्याची सीडी, किल्ली, यूएसबीचं डोंगल घरात कुठे आहे ते शोधून ठेवा.
- महत्त्वाच्या प्रत्येक जुन्या फाइलची एक पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो, ती कुठेही उघडते.
- जमलं तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलून देणारी साधनं मिळतात. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी सिंक झालेत का, ते फोनवर त्याच खात्याने उघडून बघा. टॅलीच्या कंपनीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि परवाना ‘सरेंडर’ करा. तो त्या यंत्राशी बांधलेला असतो, न सोडता पुसलं की नव्याने चालू करताना खटपट होते. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस कोणत्या ईमेलशी जोडलंय ते वर्डमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट’ इथे दिसतं. तो ईमेल वहीत लिहा. दुकानदाराने घाईत स्वतःच बनवलेला ईमेल तिथे निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय. तसं असेल तर आत्ताच सोडवा, पुसल्यावर नाही.

विंडोजच्या परवान्यासाठी ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘ॲक्टिव्हेशन’ बघा. ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं असेल तर किल्ली शोधायची गरज नाही, नेट लागताच विंडोज आपोआप चालू होते. आवृत्ती मात्र तीच हवी. भारतात विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत ‘होम सिंगल लँग्वेज’ असते, तिच्या जागी ‘प्रो’ टाकलीत तर परवाना लागू होणार नाही. ‘ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं काही दिसलं आणि लॅपटॉप कचेरीचा नसेल, तर कुणीतरी बेकायदा प्रत घालून दिली आहे असं समजा.

आणि बिटलॉकर. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागितली जाते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून तुमच्या उपकरणाखाली ती मिळते. पुढे जाण्याआधी लिहून ठेवा. ‘मला पुसायचंच तर आहे’ म्हणून सोडू नका. काही विसरलं म्हणून मधूनच परत जुन्या विंडोजमध्ये जावंसं वाटलं की हीच किल्ली लागते.

शेवटी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि निरनिराळ्या फोल्डरमधल्या दहा फाइल उघडून बघा. मग ती डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. काम चालू असताना ती लॅपटॉपला जोडलेली नको. पुसायच्या डिस्कच्या यादीत तीही दिसते, आणि त्या यादीत नावं नसतात, नुसते आकडे असतात.

५. पेन ड्राइव्ह तयार करणं

विंडोजसाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरचं ‘मीडिया क्रिएशन टूल’. ते स्वतः फाइल उतरवतं आणि पेन ड्राइव्ह बनवतं. दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलचं सगळं सामान एकत्र असलेली फाइल) घेऊ नका, ‘ॲक्टिव्हेटेड’, ‘लाइट’ अशा नावांची तर मुळीच नाही. आत काय घुसवलंय ते कळायला मार्ग नसतो.

मिंटसाठी आयएसओ उतरवून रुफस वापरा. फाइल निवडल्यावर शेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण आहे. ते दाबलं की फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते ताडून बघायची अक्षर-अंकांची ओळ, निघतो. ‘एसएचए २५६’ समोरची ओळ मिंटच्या पानावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. नेट तुटत-तुटत उतरवलेली फाइल कधी अपुरी असते आणि मग इन्स्टॉल अर्ध्यावर अडकतं, म्हणून हे दोन मिनिटांचं काम टाळू नका. रुफसमध्ये ‘पार्टिशन स्कीम’ जीपीटी आणि ‘टार्गेट सिस्टिम’ यूईएफआय ठेवा. लिहिण्याची पद्धत विचारली तर सुचवलेला आयएसओ मोड घ्या.

६. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करणं

नवखे सगळ्यात जास्त इथे अडखळतात. कुठली की दाबायची, कधी दाबायची, दाबली तरी विंडोजच का येते?

जुनी विंडोज अजून चालत असेल तर कीचा खेळ खेळूच नका. पेन ड्राइव्ह लावा, ‘स्टार्ट’मधून पॉवरच्या बटणावर जा, शिफ्ट दाबून धरा आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. निळा पडदा येईल. त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा आणि पेन ड्राइव्हच्या नावावर क्लिक करा. बस.

विंडोज उघडतच नसेल तर लॅपटॉप बंद करा, चालू करा आणि लगेच खालची की टिचक्या मारल्यासारखी पुन्हा पुन्हा दाबत राहा:

- डेल: बूट मेनूसाठी एफ१२, बायोससाठी एफ२
- एचपी: बूट मेनूसाठी एफ९, बायोससाठी एफ१०, दोन्ही नाही जमले तर एस्केप
- लेनोवो: एफ१२. काही मॉडेलांना कडेला टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं, लॅपटॉप बंद असताना ते दाबलं की मेनू येतो
- एसर: एफ१२. पण आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करावा लागतो
- असूस: बूट मेनूसाठी एस्केप, बायोससाठी एफ२

आवाज-उजेडाच्या खुणा असलेल्या कीबोर्डवर ‘एफएन’ही सोबत दाबावं लागतं. पेन ड्राइव्हचं नाव यादीत दोनदा दिसलं तर ‘यूईएफआय’ लिहिलेलं निवडा. अजिबात दिसलं नाही तर आधी पोर्ट बदला. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने पोर्टचे पत्रे काळवंडतात. शेजारच्या काकींच्या लॅपटॉपला डावीकडचा पोर्ट पेन ड्राइव्ह ओळखतच नव्हता, उजवीकडे लावल्याबरोबर आला, आणि तोवर मी पाऊण तास बायोस चाळत बसलो होतो.

मिंटचा पेन ड्राइव्ह सुरू होताना सुरक्षेची तक्रार करून थांबला तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावा लागतो. एचपीच्या लॅपटॉपांवर त्यानंतर पडद्यावर चार अंक येतात आणि ते टाइप करून एंटर मारायला सांगतात. टाइप करायला चौकट दिसत नाही, अंकही उमटत नाहीत. तरी वरच्या ओळीतल्या अंकांनी टाइप करा, ते घेतले जातात.

७. डिस्क निवडणं आणि पुसणं

विंडोजचं सेटअप आधी भाषा आणि कीबोर्ड विचारतं. कीबोर्ड ‘इंग्लिश इंडिया’ किंवा ‘यूएस’ ठेवा. चुकून ‘यूनायटेड किंगडम’ राहिला तर ॲट आणि दुहेरी अवतरण यांची जागा बदलते आणि मग स्वतःचाच पासवर्ड चुकतो. ‘इंग्लिश इंडिया’चा एक फायदा असा की उजवा ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह येतं.

मग फाइल, ॲप, सेटिंग सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे अशा अर्थाची चौकट येते. तिच्यात खूण करा. किल्ली विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’. आवृत्ती विचारली तर जी लिहून ठेवलीत तीच.

आता डिस्कची यादी. इथे सी, डी ही नावं दिसत नाहीत. ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’, त्यांचे भाग आणि आकार एवढंच दिसतं. आकारावरून ओळखायचं. आणि खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेली डिस्क इथे सुमारे ४७६ जीबी दिसते, २५६ ची २३८, १ टीबीची ९३१. मोजण्याच्या दोन पद्धतींतला हा फरक आहे, जागा कुठे गेलेली नाही. पेन ड्राइव्हही यादीत असतो, त्याला हात लावू नका.

एकच डिस्क असेल आणि बॅकअप कपाटात असेल तर त्या डिस्कचा एकेक भाग निवडून ‘डिलीट’ करा, ‘अनॅलोकेटेड स्पेस’ अशी एकच ओळ उरेपर्यंत. त्या ओळीवर उभे राहून ‘नेक्स्ट’. नवे भाग पाडायच्या भानगडीत पडू नका, लागणारे छोटे भाग सेटअप स्वतः पाडतं. डिस्कवर ‘एमबीआर’ (भाग नोंदवायची जुनी पद्धत) आहे म्हणून बसवता येत नाही असा निरोप आला तर उपाय हाच, सगळे भाग काढून मोकळ्या जागेवर बसवणे.

काहींना डी ड्राइव्ह तसाच ठेवायचा असतो. ठेवता येतो, फक्त तो भाग डिलीट करायचा नाही. तरी डी चा बॅकअप बाहेर घेतल्याशिवाय मी हे कुणाच्याही लॅपटॉपवर करत नाही. २०० जीबीचे दोन भाग शेजारी-शेजारी असले की बोट कुठे पडेल याचा नेम नसतो.

यादी पूर्ण रिकामी दिसली तर डिस्क मेली असं समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत ‘व्हीएमडी’ नावाची सोय चालू असते आणि सेटअपकडे तिचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, नसतो. दुसऱ्या संगणकावर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून तुमच्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उतरवा, झिप उलगडून पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ने तो फोल्डर दाखवा. डिस्क लगेच दिसते.

एसएसडीवर पुढचं काम मला वीस ते तीस मिनिटं लागतं. मध्ये लॅपटॉप स्वतः बंद होऊन चालू होतो. त्या वेळी पुन्हा पहिलाच भाषेचा पडदा आला तर काही चुकलं नाही, तो परत पेन ड्राइव्हवरून सुरू झालाय. पेन ड्राइव्ह काढा आणि पुन्हा चालू करा.

मिंटवाल्यांचं याहून सोपं. पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण मिंट चालते. आधी वाय-फाय, आवाज, टचपॅड तपासा. सगळं चाललं तरच डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल’ दाबा, मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा आणि ‘इरेज डिस्क’ निवडा.

८. पहिल्यांदा सुरू करताना

विंडोज ११ इथे नेट मागते आणि पुढे जाऊ देत नाही. पुष्कळदा वाय-फायचा ड्रायव्हरच नसतो, यादी कोरी दिसते. त्यासाठी ती फोनची केबल. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. काही सेकंदांत ‘नेक्स्ट’ उजळतं. मोबाइल डेटा खर्च होतो, तेव्हा अपडेट मागाहून वाय-फायवर घ्या.

मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात की वापरकर्त्याच्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं नाव म्हणून मिळतात. ते पुढे बदलणं कटकटीचं आहे, पण त्याने बिघडत काही नाही. वनड्राइव्ह तुमचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वर चढवायला लागतं का, यावर लक्ष ठेवा. फुकट जागा ५ जीबीच असते. जुना डेटा परत टाकला की ती भरते आणि जागा संपल्याचे निरोप सुरू होतात. नको असेल तर सेटिंगमधून फोल्डरचा बॅकअप आधी बंद करा, मग डेटा आणा.

९. ड्रायव्हर आणि अपडेट

आधी ‘विंडोज अपडेट’ चालवा, पुन्हा चालू करा, पुन्हा चालवा. नवीन काही येईनासं होईपर्यंत. बहुतेक ड्रायव्हर यातच येतात. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. पिवळी खूण कुठे असेल तर लॅपटॉप कंपनीच्या पानावर सीरियल नंबर टाकून फक्त तेवढाच ड्रायव्हर घ्या. सगळे ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. नवी कोरी विंडोज त्यांनीच पहिल्या दिवशी घाण होते. वेगळा अँटिव्हायरसही मी टाकत नाही, विंडोजबरोबर येणारा घरच्या कामाला पुरतो.

१०. मराठी परत आणणं

‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’ इथे जाऊन मराठी भाषा जोडा. कीबोर्ड दोन मिळतात. इनस्क्रिप्ट येत असेल तर तो, नाहीतर ‘मराठी फोनेटिक’, ज्यात इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की देवनागरी उमटतं. विंडोजची की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. मिंटमध्ये कीबोर्डच्या ‘लेआउट्स’मध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे.

जुन्या फाइल ‘मंगल’ किंवा ‘कोकिळा’ फॉन्टमध्ये असतील तर त्या वाचता येतील, पण ओळी आणि पानं सरकलेली दिसतील. नव्या विंडोजमध्ये हे फॉन्ट मुळात नसतात. ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडा, मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह सगळे येतात. बिगर-युनिकोड फॉन्ट बॅकअपमधून निवडून राइट क्लिकने ‘इन्स्टॉल’ करा, आणि जुनी एक फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा. आबांच्या संहितांत पहिली पानं नीट आली होती, पण मधली पदं दुसऱ्याच फॉन्टमध्ये टाइप केलेली निघाली. प्रेसमध्ये दुसरी फेरी मारावी लागली.

११. डेटा परत

आता कपाटातली डिस्क काढा. ॲक्टिव्हेशनचं पान एकदा बघा, ‘ॲक्टिव्ह’ असेल तर डेटा कॉपी करायला घ्या. बिटलॉकर पुन्हा चालू झालाय का तेही तपासा. झाला असेल तर किल्ली आता नवी आहे. वहीतली जुनी खोडून ही लिहा. टॅली, ऑफिस, प्रिंटर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, या क्रमाने चढवा आणि प्रत्येक गोष्टीनंतर ती एकदा चालवून बघा. प्रिंटरवर पान काढा, टोकन लावून सही दिसते का बघा. जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी हे कळू नये.

बॅकअपची डिस्क महिनाभर तशीच ठेवा. त्या महिन्यात काहीतरी विसरलेलं हमखास आठवतं, एखादं लग्नपत्रिकेचं डिझाइन, सोसायटीची जुनी पावती. बनवलेला पेन ड्राइव्हही लगेच गाण्यांसाठी वापरायला घेऊ नका. त्यावर कागदी चिकटपट्टी लावून ‘विंडोज ११’ आणि आजची तारीख लिहा. लॅपटॉप उद्या सुरूच झाला नाही तर दुरुस्तीचा मेनू याच पेन ड्राइव्हवरून उघडतो.